यादीत राहण्यापुरती कुस्ती

"ऑपरेशन करून घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि मी विचारलं, "किती स्पर्धा चुकतील?"

ते गोंधळलेच. बाकीचे पेशंट म्हणे विचारतात, दुखेल किती, टाके किती पडतील. मी स्पर्धा विचारल्या. वर्षाला सहा असतात, दर दोन महिन्यांनी एक. वीस वर्षं झाली, माझं पंचांग तेवढंच आहे.

"नऊ महिने तरी धरा," ते म्हणाले. "मांडीच्या मागचा एक दोर काढून गुडघ्यात बसवायचा. आतलं लिगामेंट पार तुटलंय तुमचं."

मार्च, मे, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. मी एकेक बोट मिटत गेलो आणि हाताची मूठ झाली.

आमच्या सूमोत कुणाला दयामाया नाही. पैलवान जखमी असो, तापानं फणफणलेला असो, रिंगणात उभा राहिला नाही की तो हरला. हरला की यादीत खाली घसरला. जानेवारीत एका दीडशे किलोच्या धोंड्यानं माझ्या पायावर अंग टाकलं, आतून कट्ट असा आवाज आला, तेव्हा मी खालून तिसऱ्या वर्गात होतो. तिथंही पगार नाहीच. पगार वरच्या लोकांना. मार्च चुकला की खाली, मे चुकला की आणखी खाली, जुलै चुकला की सप्टेंबरला अगदी तळाला. आणि सप्टेंबरही चुकला की नाव यादीबाहेर. बाहेर गेलेल्याला पुन्हा आत यायचं तर पंधरा-सोळा वर्षांच्या नवख्या पोरांबरोबर चाचणीच्या कुस्त्या खेळाव्या लागतात. मी पस्तिशीचा होतो. डोक्यावरचा अंबाडासुद्धा विरळ झाला होता.

"ऑपरेशन न करता?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काही लोकांचं चालतं. आजूबाजूचे स्नायू इतके तयार करायचे की लिगामेंटचं काम त्यांनी करायचं. पण ते ऑफिसात बसणारे लोक. तुम्ही एकशे बेचाळीस किलोचे, वर दुसऱ्या तेवढ्याच माणसाला ढकलणार. मी तुमच्या जागी असतो तर कापून घेतला असता."

तुम्ही माझ्या जागी नाही ना, असं मनात म्हणून मी कुबड्या उचलल्या.

तालमीत वस्तादांपुढे बसलो, म्हणजे एक पाय लांब करून कसाबसा टेकलो. आमचे वस्ताद एके काळी पहिल्या वर्गात लढलेले. आता त्यांच्या आधी त्यांचं पोट खोलीत येतं, पण जिभेची धार तशीच आहे.

"हे बघ मुत्सुइवा," ते म्हणाले. हे माझं रिंगणातलं नाव. घरचं काकिझाकी, ते फक्त दवाखान्यात वापरतात. "मातीतली जखम मातीतच भरते, असं आमचे वस्ताद सांगायचे. मी तेवढा जुना नाही. कापायचं तर काप, नाही तर नको. पण नाव यादीबाहेर गेलं त्या दिवशी मी तुझ्या निवृत्तीच्या कागदावर शिक्का मारणार. माझ्या तालमीतला चौतीस-पस्तीस वर्षांचा घोडा पोरांबरोबर चाचणीला उभा राहिलेला मला बघवणार नाही. लोक हसतील तुला. मला त्याहून जास्त."

"निवृत्त होऊन करू काय, वस्ताद?"

"चांकोचं हॉटेल काढ. सगळे काढतात."

सगळे काढतात आणि निम्मे दोन वर्षांत शटर ओढतात. चांको म्हणजे तालमीचा स्वयंपाक, तो माझ्याकडेच आहे. मुळा, पातीचा कांदा, टोफू, कोंबडी, सगळं एका पातेल्यात, पंचवीस माणसांचं. त्यात कोंबडीच घालायची, कारण ती दोन पायांवर उभी राहते. चार पायांवर आला तो पैलवान हरला. मी त्या दिवशी पातेल्यात बघून म्हटलं, बाई गं, तुझे तरी दोन आहेत. घरी, मुत्सु गावाला, धाकट्या भावाचा शिंपल्यांचा धंदा आहे. तिथं माझी जागा म्हणजे नावेत बसलो तर नाव बुडेल एवढीच. पंधराव्या वर्षी आलो तेव्हापासून मला दोन गोष्टी येतात, पातेलं उतरवणं आणि समोरच्याला ढकलणं. दुसरी गेली तर पहिली कुणाच्या दारात करायची?

वस्तादांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी मग तोडगा काढला. त्यांच्या ओळखीच्या त्याच हॉस्पिटलात उगाकीबाई नावाच्या फिजिओ होत्या. पहिल्या दिवशी काकू स्वतः बरोबर आल्या आणि दारातच मला दम दिला. "ऑपरेशन नको तर नको. पण मग हिचं ऐकायचं. माझ्या घरात लंगडा चालेल, आडमुठा चालणार नाही."

उगाकीबाई माझ्या काखेपर्यंत येतील एवढ्या. त्यांनी माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "दाबा."

"एवढंच?"

"एवढंच. दहा मोजेपर्यंत. तीस वेळा. दिवसातून पाच वेळा."

मला हसू आलं. मी रोज पाचशे वेळा पाय आभाळात नेऊन जमिनीवर आपटणारा माणूस. टॉवेल दाबायचा म्हणजे काय! आणि दाबायला गेलो तर मांडी हलेचना. नुसती थरथर. बाई शांतपणे बघत होत्या. "जखम झाली की मांडी झोपते. आधी तिला उठवायचं. आभाळ नंतर बघू."

तर असे महिने गेले. टाच घासत गुडघा वाकवायचा, सरळ पाय उचलायचा, रबरी पट्टा पायात अडकवून खेकड्यासारखं आडवं चालायचं. मग एका पायावर उभं राहायचं, मग हलत्या फळीवर उभं राहायचं, मग पायरीवरून एका पायानं हळू उतरायचं, हळू म्हणजे इतकं हळू की मला घाम आणि बाईंना जांभई. तालमीत पहाटे सगळे घामानं न्हात असायचे आणि मी कोपऱ्यात टॉवेल दाबत. कंटाळा, कंटाळा म्हणजे किती! दुखण्याचं एक बरं असतं, ते दुखतं तरी. हे दुखायचंही नाही. रोज तेच, रोज तेवढंच, आणि फरक मुंगीच्या पावलानं. मे महिन्यात एकदा बाईंना न विचारता मी रिंगणात उतरलो, पाय आपटले, दोघांना ढकललं. संध्याकाळी गुडघा टरबुजाएवढा. दर मंगळवारी तपासणी असायची, तेव्हा बाईंनी तो बघितला. नुसती टॉवेलची गुंडाळी आणून ठेवली. पुन्हा पहिल्यापासून.

त्या खोलीत शेजारच्या गादीवर आसोनोहारा असायचा. दुसऱ्या तालमीचा, एकेचाळीस वर्षांचा, कुमामोतोकडचा. त्याचे दोन्ही गुडघे गेलेले होते आणि तीनदा ऑपरेशनला नकार देऊन झाला होता. तोही माझ्यासारखाच घसरत तळाला चालला होता. मी त्याला आसोदादा म्हणायचो. तो मोजण्यात चोरी करायचा.

"सतरा, अठरा, एकोणतीस, तीस. झालं बाई."

"अठरानंतर एकोणतीस?"

"आमच्या कुमामोतोला असंच मोजतात."

घरून आलेलं मोहरीच्या पानांचं लोणचं तो डब्यातून आणायचा. खायचं नसतं तिथं, पण बाई पाठमोऱ्या झाल्या की डबा माझ्याकडे सरकायचा. आम्ही बोलायचो ते गुडघ्यांबद्दल, दुसरं काय. चाळिशीतल्या बायका सुनांबद्दल बोलतात तसं आम्ही गुडघ्यांबद्दल बोलायचो. आज बरा आहे, काल फारच रुसला होता.

एकदा मी विचारलं, "दादा, तुमचे वस्ताद काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जुनं फक्त छप्पर आहे." मग म्हणाला, "मीच म्हणतो. सव्वीस वर्षं नाव यादीत आहे, मुत्सु. एकदासुद्धा सुटलं नाही. केसाएवढ्या बारीक अक्षरात का असेना. ते गेलं ना, तर मी सकाळी उठून कोण म्हणून उठायचं?"

माझंही तेच होतं. फक्त मला सहा वर्षं कमी लागली होती तिथं पोचायला.

तळाच्या माणसाला एक वाट असते, ती सगळ्यांना माहीत आहे. स्पर्धेत खालच्या वर्गाच्या सात कुस्त्या होतात. सहा चुकल्या तरी सातवीला उभा राहिलास की खेळलास असं धरतात. हरलास तरी चालतं. नाव राहतं. तेव्हा पंधरा दिवसांच्या स्पर्धेत तेराव्या दिवशी जायचं, उभं राहायचं, एक पाऊल मागं जाऊन पडायचं, नमस्कार करून परत यायचं. त्यात कुणाला लाज वाटत नाही. निदान तसं कुणी दाखवत नाही.

ऑगस्टच्या शेवटी उगाकीबाईंनी परीक्षा घेतली. एका पायावर उडी मारायची आणि फितीनं मोजायचं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या शंभरात नव्वद तरी भरली पाहिजे. मी उडी मारली तशी खालच्या मजल्यावरून फोन आला, भूकंप झाला का म्हणून.

"एक्याण्णव," बाई म्हणाल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. "एक कुस्ती. फिरायचं नाही, कुणाला फेकायचं नाही, वळवायचं नाही. पाऊल सरळ, गुडघा पावलाच्या वर, पुढे जायचं असेल तर सरळ पुढे."

मग आसोदादाची पाळी. तो म्हणाला, "बाई, माझा चांगला पाय कुठला ते आधी ठरवा." उडी मारली, आणि उतरताना गुडघा आत वळला. आम्ही तिघांनीही तो बघितला.

"तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या.

"एकच पाऊल टाकतो आणि बसतो."

"आसोनोहारा, बसतानाच तुटतो गुडघा. सही करणार नाही मी."

"तुमची सही आमच्याकडे कोण मागतं, बाई?" तो हसत म्हणाला आणि बूट घालायला वाकला. वाकता येईना म्हणून मी घालून दिले.

सप्टेंबरच्या स्पर्धेच्या बाराव्या दिवशी सकाळी मी मुळा चिरत होतो. दुसऱ्या दिवशीच्या जोड्या लागल्या होत्या. काकू चष्मा नाकावर घेऊन फोनमध्ये बघत स्वयंपाकघरात आल्या.

"मुत्सुइवा, तुझी जोड लागली. आसोनोहारा. हा कोण रे? ओळखीचा वाटतो."

माझी सुरी थांबली. खरं तर नवल वाटायला नको होतं. तळाला आम्ही किती जण असणार? दोघंही सहा कुस्त्या चुकवलेले, दोघंही सातवीला आलेले. पंचांनी शेजारी-शेजारी दिसली ती नावं एका ओळीत टाकली.

"लोणच्याचा डबा आणतो तो," मी म्हणालो.

काकूंना कळलं. त्या फोन पदराआड लपवावा तसा खिशात घालून म्हणाल्या, "फोन नाही करायचा हं त्याला."

ते त्यांनी सांगायला नको होतं. आमच्याकडे दुसरं काहीही माफ होतं, नुरा कुस्ती माफ होत नाही. आधी ठरवून लढलेल्यांची एकेकाळी अशी वाट लागली होती की त्या नावांचा उच्चारही कुणी करत नाही. खोटं वाटेल, पण 'काळजी घे' एवढाही निरोप धाडायची सोय नव्हती. काळजी घे म्हणजे काय, हे उद्या कुणी विचारलं तर?

त्यामुळे मी एकट्यानंच ठरवलं. अगदी साधं होतं. मी हरणार. छातीला छाती लावायची, हळूच मागं सरकायचं, एक, दोन, आणि कडेबाहेर. तो नुसता माझ्या अंगावर टेकून पुढं येईल, त्याच्या गुडघ्याला काही करावंच लागणार नाही. माझं नाव राहील, त्याचंही राहील, वर त्याला एक विजय. हे नुरा नव्हे, मी स्वतःला बजावलं. नुराला दोघं लागतात. मी तर कुणाला विचारलंच नाही.

सकाळचं सभागृह रिकामं असतं. दहा हजार खुर्च्या आणि डुलक्या घेणारे चाळीस म्हातारे. पलीकडून आसोदादा चढला. रिंगणाचा मातीचा ओटा हातभर उंच असतो. त्याला दोन्ही हातांनी आधार घ्यावा लागला. दोन्ही गुडघ्यांना पांढऱ्या पट्ट्या, पायाला पाय कमी आणि पट्टीच जास्त. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. खाली चार बाजूंना काळ्या किमोनोत पंच बसलेले, सगळे जुने पैलवान, ज्यांना आम्ही आत काय विचार करतोय ते घामाच्या वासावरून कळतं.

बसलो. हात टेकवले. उठलो.

छातीला छाती लागली, अगदी अलगद, लग्नात व्याही भेटतात तशी. मी त्याच्या कमरपट्ट्यात हात घातला, त्यानं माझ्या. मी एक पाऊल मागं सरकलो. तो पुढं आला नाही.

मी आणखी अर्धं पाऊल सरकलो. मध्ये हवा. ढकलायला कोणी नाही! उलट तोच मागं सरकत होता.

अरे देवा, मला कळलं. त्यानंही तेच ठरवलं होतं.

आम्ही दोघं एकमेकांचे कमरपट्टे धरून आपापल्या बाजूला मागं ओढत होतो. "अजून आत! अजून आत!" रिंगणातला पंच ओरडत होता, म्हणजे दोघंही अजून कडेच्या आत आहेत, आणि त्याच्या आवाजात शंका यायला लागली होती. रिंगणात दोन मोठी माणसं, आणि हरायची दोघांना घाई. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. खालच्या काळ्या किमोनोतला एक जण खाकरला आणि पुढं झुकला. ते खाकरणं माझ्या मानेत शिरलं. नुरा म्हणणार. दोघांना बोलावणार, वस्तादांना बोलावणार, सव्वीस वर्षं आणि वीस वर्षं एका सकाळीत जाणार.

दिसायला तरी कुस्ती दिसली पाहिजे, एवढंच डोक्यात आलं. थोडा रेटू, तो रेटेल, मग मी सोडून देईन.

मी रेटलं.

आठ महिने बाईंनी जे शिकवलं होतं ते पायांनी केलं. पाऊल सरळ, गुडघा पावलावर, सरळ पुढे. मांडी अशी जागी झाली की जानेवारीच्या आधीही तशी नव्हती. मला थोडाच रेटायचा होता. पण थोडं रेटायचं मला कधी कुणी शिकवलंय? तो सर्रकन मागं गेला. त्याची टाच कडेला पुरलेल्या पेंढ्याला लागली. आता जाईल बाहेर, मी म्हटलं, जा बाबा, झालं.

तो गेला नाही. त्यानं पाय रोवला. मागं वाकून, टाच पेंढ्यात रुतवून, माझं सगळं वजन त्या पायावर घेतलं. आणि मी तो आवाज ऐकला. माझ्या ओळखीचा होता. मग आसोदादा कडेबाहेर कोसळला.

माझ्याच नावानं निकाल दिला. रेटून बाहेर. जिंकलेल्यानं उकिडवं बसून वाकायचं असतं. मी बसलो, वाकलो, आणि गुडघा लोण्यासारखा वाकला. त्याला न्यायला ती चाकांची रुंद खुर्ची आणली, जी आमच्यासाठीच बनवलेली आहे. सहा जण लागले. त्यानं जाताना रिंगणाकडे वळून मान तेवढी लववली.

तालमीत वस्ताद म्हणाले, "राहिलास." पाठीवर थाप मारली. मग माझं तोंड बघून म्हणाले, "त्याला जमिनीवर बसायचंच होतं तर सरळ बसायला हवं होतं. तुझा काय दोष?" मी पातेल्यात कोंबडी टाकली आणि मीठ दोनदा घातलं. सगळ्यांनी पाणी पीत-पीत संपवलं.

मंगळवारी हॉस्पिटलात गेलो तो आधी चौथ्या मजल्यावर. पडदा बाजूला करायला माझा हात धजेना. आतून आवाज आला, "तो पडदा पडेल तुझ्या श्वासानं. ये आत."

आसोदादा उशीला टेकून बसला होता. डावा पाय पोलादी पट्ट्यांत.

"दादा, मी..."

"गप." त्यानं आवाज खाली आणला. "इथं पंच नाहीत. खरं सांग. हरायला आला होतास ना?"

मी मान हलवली.

"मीपण!" आणि तो हसायला लागला. असा हसला की शेजारच्या पेशंटनं विचारलं, बरं आहे ना तुमचं. "दोघं हरायला गेलो आणि एकालाही नीट हरता आलं नाही! कुणाला सांगायची सोयसुद्धा नाही रे ही गोष्ट."

मला हसता येईना. मी म्हणालो, "मी रेटायला नको होतं. बाईंनी तुम्हाला सही दिली नव्हती, मला माहीत होतं. मी घाबरलो, दादा. माझ्या नावासाठी घाबरलो."

"तू रेटलंस ते राहू दे. पंच खाकरला ते मीपण ऐकलं." त्याचं हसू हळूहळू बंद झालं. तो आपल्या पायाकडे बघत राहिला. "मला वेगळंच कोडं पडलंय. मला पडायचंच होतं की नाही? टाच कडेला लागली होती. अर्धं पाऊल मागं टाकलं असतं की संपलं. डोकं म्हणत होतं, जा. आणि हा मेला पाय म्हणाला, नाही जात. का नाही गेला रे तो? सव्वीस वर्षांत एकदासुद्धा कामाला आला नाही, आणि अडला तो नेमका त्या दिवशी."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायलाही सुचलं नाही. मोठं माणूस रडतं तेव्हा घरात कुठं बघावं कळत नाही, तसा तो खिडकीकडे बघत बसला.

"परवा कापणार आहेत," तो जरा वेळानं म्हणाला. "दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. वस्तादांना निरोप दिलाय, कागद करा म्हणून. नाव राहिलं ना यादीत? नोव्हेंबरच्या?"

"राहिलं. एक कुस्ती झाली ना."

"मग बरंय," तो म्हणाला. "मग मीच काढतो. कुणी काढण्यापेक्षा."

खाली उगाकीबाई माझी वाट बघत होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनाही सगळं कळलं असणार. मी आडवा झालो. त्यांनी गुडघा दोन्ही हातांत धरला, वाकवला, सरळ केला, बाजूनं दाबला, फीत लावून मांडी मोजली. त्या खोलीत आजवर इतका बरा झालेला गुडघा कुणाचा नसेल.

"सूज नाही," त्या म्हणाल्या. "मांडी उलट वाढली आहे. कुस्तीत कुठं सटकल्यासारखा वाटला?"

"नाही."

त्यांनी कागद ओढला, पेन हातात घेतलं आणि तशाच थांबल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, जो दर मंगळवारी विचारायच्या. "दुखतंय कुठं?"

गुडघा चांगला होता. इतका चांगला, की मला तो तिथंच कापून टाकावासा वाटला.

"नाही बाई," मी म्हणालो. "कुठंच नाही."